निंबोडी हॉल्टची शेळी

निंबोडी हॉल्टवर पहिली शेळी आढळली ती सोळा जुलैला, सकाळी आठ वाजून नऊ मिनिटांनी. यंत्राने नोंद केली : 'शेळी, प्रौढ, एक. खात्री एक्याण्णव टक्के.'

ही शेळी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली होती. वामन शितोळ्याची ती बायको.

वामन हॉल्टचा एजंट. हॉल्ट म्हणजे स्टेशनचं शेंडेफळ. एक फलाट, एक पत्र्याची शेड, एक खिडकी आणि एक बाकडं. रेल्वेचा पगारी माणूस तिथे नसतो. मोठ्या स्टेशनवरून तिकिटांचे गठ्ठे आणायचे आणि कमिशनवर विकायचे, एवढं काम एजंटाचं. पण गाव त्याला मास्तर म्हणायचं. घरातली खरी मास्तरीण सगुणाबाई. तिला सगळं गाव नुसतं 'बाई' म्हणायचं, आणि वामनही गावाच्या बाहेरचा नव्हता. एकाच घरात बाई आणि मास्तर राहायचे, आणि मास्तर बाईंना घाबरायचे.

तिकिटांखेरीज वामनकडे एक बिनपगारी अधिकार होता. गाडी सुटायच्या आधी गार्ड शेवटच्या डब्यातून खिडकीकडे बघायचा. पायवाटेवर कुणी धावत येत असेल, तर वामन हात वर करायचा आणि गार्ड अर्धं मिनिट थांबायचा. कुठल्याही नियमात हे नव्हतं, म्हणून वामन हा हात फार जपून वापरायचा. तो नियमाचा माणूस. बावीस वर्षांपूर्वी बाईंची शाळा गाडीने जायच्या गावी होती; तिथे तपासणी होती त्या दिवशी त्यांना उशीर झाला. पदर खोचून त्या पायवाटेवरच्या बाभळीपाशी पोचल्या, तेव्हा गार्डाने खिडकीकडे बघितलं, आणि वामनने हात खालीच ठेवला. स्वतःच्या बायकोसाठी गाडी थांबवली असती तर पक्षपात झाला असता. बाई त्याच्याशी नऊ दिवस बोलल्या नाहीत. दहाव्या दिवशी बोलल्या, पण त्या विषयावर नाही. त्या विषयावर आजतागायत नाही.

मग तिकिटं फोनवर गेली आणि गार्ड इतिहासात गेला. पुण्याच्या पूर्वेला चौसष्ट स्टेशनांवर धावणाऱ्या भीमा उपनगरी सेवेने या जुलैच्या सोळा तारखेपासून 'चाहूल' सुरू केली.

चाहूल समजायला अवघड नाही. रुळांच्या कडेने जमिनीत एक काचेची तार पुरलेली असते, केसाएवढी बारीक. तिच्यातून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाचा ठोका सोडतात. काच कितीही शुद्ध असली, तरी त्यातला थोडा प्रकाश जागोजागी विखरून मागे परततो. जमिनीवर कुणी पाऊल टाकलं की खालची तार नकळत ताणली जाते आणि परतणारा प्रकाश किंचित बदलतो. हा बदल कुठे झाला आणि कसा झाला, ते संगणक ओळखतो. थोडक्यात, दर पाच मीटरला जमिनीला एक कान. हॉल्टला येणाऱ्या पायवाटेखालीही चारशे मीटर कान पेरले होते.

माणसाच्या चालीला ताल असतो, आणि सहीसारखा तो ज्याचा त्याचा असतो. त्यामुळे गाडी येण्याआधीच यंत्राला कळायचं, किती माणसं येताहेत. कुणीच येत नसेल तर गाडी थांबायची नाही. येत असतील तर माणशी दोन सेकंद, कमीत कमी वीस. म्हशीसाठी गाडी थांबू नये, म्हणून यंत्राला जनावरंही शिकवली होती. माणसं शिकवण्यासाठी प्रयोगशाळेत चारशे स्वयंसेवक चालवले होते. सगळे पंचविशीतले, सगळ्यांच्या पायात धावायचे बूट.

सगुणाबाई पंचविशीत नव्हत्या. मार्चमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावं अंग गेलं. मे अखेर त्या चारी टोकांनी जमीन धरणारी काठी घेऊन उभ्या राहिल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "जे काही परत यायचं ते पहिल्या आठ महिन्यांत येतं. आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा. खाडा नको." गाडीने पाऊण तास. रस्त्याने एकदा नेऊन पाहिलं. खणलेल्या रस्त्यावरून तीन तास जायला, तीन यायला, आणि घरी आल्यावर बाई दोन दिवस आडव्या. म्हणजे गाडीच. जून आणि अर्धा जुलै ठीक गेला. जुन्या पद्धतीत गाडी पुरतं एक मिनिट थांबायची.

आता सकाळच्या गाडीला नेहमीचे अकरा जण. अकरा दुणे बावीस सेकंद. बाईंना चढायला लागायची सेहेचाळीस. वामनने घड्याळ लावून मोजली होती. त्यांची चाल अशी : काठी ठक्, उजवा पाय धप्, डावा खर्र् करून ओढलेला आणि शेवटी त्याचा चवडा टप्. ठक्, धप्, खर्र्, टप्. चार ठोके. चाहुलीच्या लेखी चार ठोक्यांनी चालणारं हलकं जनावर एकच. शेळीला सेकंद मिळत नाहीत.

पहिल्या दिवशी दार मिटायला लागलं, तेव्हा केरबा गवळ्याने दुधाची किटली मध्ये घातली. किटली चेपली, बाई चढल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मग खिडकीत बसवलेल्या पडद्यावर सूचना आली : तिमाहीत तिसऱ्यांदा दार अडवल्यास या हॉल्टचा थांबा रद्द करण्याचा विचार होईल.

त्या शुक्रवारी बाई फलाटावर राहिल्या. डब्यातली माणसं काचेतून त्यांच्याकडे बघत निघून गेली.

"खाडा झाला," त्या म्हणाल्या. एवढंच.

वामनने तक्रार केली. त्याची नेमणूक आता 'चाहूल-मित्र' अशी होती आणि काम यंत्राच्या चुका कळवण्याचं. आठ दिवसांनी उत्तर आलं : 'आपल्या हॉल्टवर उक्त दिवशी एकही दिव्यांग प्रवासी आढळून आलेला नाही. तथापि फलाटावर शेळी मोकाट फिरत असल्याचे दिसून येते. सबब याबाबत तीन दिवसांत खुलासा करावा.'

वामनने खुलासा लिहायला घेतला. 'सदर शेळी ही माझी पत्नी असून' इथपर्यंत आला आणि कागद फाडला.

मग त्याने ते केलं, जे चौसष्ट स्टेशनांत कुणीही केलं नव्हतं. चाहुलीची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. तीन दुपारी लागल्या. त्र्याहत्तराव्या पानावर त्याला हवं ते सापडलं. पावसात लोक गमबूट घालतात, चिखलातून वेगळे चालतात आणि यंत्राचा गोंधळ होतो. त्यासाठी सोय अशी होती : नोंद असलेले दहा प्रवासी लागोपाठ दहा फेऱ्यांना एकाच नव्या चालीने आले आणि गाडीत चढले, म्हणजे दारातून त्यांचे फोन आत गेले, तर ती चाल माणसाचीच असं यंत्र शिकतं. एकट्यादुकट्यावर ते विश्वास ठेवत नसे. कुणी शेळीच्या गळ्यात फोन बांधला तर?

संध्याकाळच्या गाडीने माणसं उतरली, तेव्हा वामनने त्यांना शेडमध्ये बसवलं आणि पान वाचून दाखवलं.

"म्हंजी आमी बाईंसारखं लंगडायचं?" केरबाने विचारलं.

"दहा फेऱ्या."

"आन् ही लबाडी न्हाई का हो मास्तर? तुमी नियमाची मान्सं."

"पानावर 'खरी चाल' असं कुठं लिहिलेलं नाही," वामन म्हणाला. "नियमात बसतंय."

नसीमा शहरात गणवेश शिवायच्या कारखान्यात जायची. बाईंच्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "बसतंय ते ठीक, काका. पण बाईंना विचारलंत का?"

वामनने विचारलं नव्हतं.

बाई ओट्यापाशी खुर्चीत बसून उजव्या हाताने लसूण सोलत होत्या. वामनने सगळं सांगितलं. प्रकाश, काच, पान त्र्याहत्तर. त्या ऐकत राहिल्या. पाकळी खाली ठेवली.

"म्हणजे गाव माझी नक्कल करणार."

"नक्कल नाही हो बाई, ते यंत्राला..."

"वर्गात लंगड्या सदूची नक्कल करणाऱ्या पोरांना मी आठ-आठ दिवस बाहेर उभं केलंय. चौतीस वर्षं. आणि आता अकरा घोडे माझ्यामागून लंगडत येणार, आणि मी बघायचं?" त्यांचा आवाज कापला. झटक्यानंतर तो अधूनमधून कापायचाच, त्यामुळे कशाने कापला ते वामनला कळेना. "त्यापेक्षा मी घरी बसते. पाय नाही आला तर नाही आला."

वामन उठला, अंगणात गेला, परत आला.

"तुम्ही घरी बसलात, तर मी खिडकी सोडतो," तो म्हणाला. "बावीस वर्षांपूर्वीच सोडायला हवी होती."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. हा विषय घरात पहिल्यांदाच आला होता, आणि आणणारा तो होता. त्यांनी पाकळी पुन्हा उचलली आणि सोलून संपवली.

"केरबाला डावं-उजवं कळत नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "दुसरीतसुद्धा कळत नव्हतं. करायचंच असेल तर नीट करा. मी शिकवणार. वेडंवाकडं लंगडलेलं मला चालायचं नाही."

रविवारी दुपारी शितोळ्यांच्या अंगणात वर्ग भरला. अकरा माणसं, अकरा काठ्या. बाई खुर्चीत, मांडीवर वही.

"टाच नाही टेकवायची. माझी टेकते का? चवडा. नसीमा, छान. पुढच्यांनी तिच्याकडे बघा. केरबा, तो उजवा."

"डावाच हाय की, बाई."

"माझ्याकडे तोंड करून उभा आहेस म्हणून तुला डावा वाटतोय."

"तोंड फिरवल्यानं पाय बदलतो व्हय?"

मार्चनंतर बाई पहिल्यांदा हसल्या. तोंडाची डावी बाजू मागे राहिली, पण हसू पुरं होतं. वामन शेडकडे जायच्या निमित्ताने उठून गेला.

सोमवारी सकाळी अकराच्या अकरा जण पायवाटेने ठक्-धप्-खर्र्-टप् करत आले. केरबासकट सगळ्यांचं अचूक. बाई खिडकीपाशी बाकड्यावर बसून गुण देत होत्या. आठ वाजून नऊ मिनिटांनी गाडीचा आवाज आला, वाढला, आणि गाडी ताशी शंभरच्या वेगाने निघून गेली.

पडद्यावर नोंद होती : 'शेळ्या, अकरा. प्रवासी : शून्य.'

अकरा माणसं काठ्या टेकून वामनकडे बघत राहिली. हजेरी बुडाली ती सगळ्यांचीच. नियमाचं एकेक अक्षर वाचलेल्या माणसाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

"हे पानावर नव्हतं," तो म्हणाला.

"हुतं की," केरबा म्हणाला. "कुणीच न्हाई आलं तर थांबत न्हाई, हे तुमीच सांगितलंत. आमी आज कुणीच नव्हतो."

बाई उठायला लागल्या. "बस्स झालं. माझ्यापायी लोकांची रोजी..."

"बसा बाई," नसीमा म्हणाली. "पहिल्याच पेपरात नापास झालो म्हणून शाळा सोडायची नसते. कोण म्हणायचं हे?"

तोड तिनेच काढली. एकाने सरळ चालायचं, म्हणजे त्याच्यासाठी गाडी थांबेल, कमीत कमी वीस सेकंद. बाकीच्या दहांनी फलाटापर्यंत लंगडायचं आणि दार उघडलं की धावायचं. नेमके दहा. एकही कमी पडला तर मोजणी पहिल्यापासून.

सरळ चालायला केरबाला निवडलं. त्याला ते अपमानास्पद वाटलं. "एवढं शिकूनश्यान मीच राखीव?" तो दहाही दिवस कुरकुरत, पण नेटाने सरळ चालला.

पुढचे दिवस निंबोडीचे लोक अजून सांगतात. दहा पांगळी माणसं हळूहळू फलाटावर यायची आणि दार उघडताच काठ्या बगलेत मारून हरणासारखी उडायची. पलीकडच्या रुळावरच्या मालगाडीच्या ड्रायव्हरने हे दृश्य पाहिलं आणि चारधाम करायचं ठरवलं म्हणतात. आरोग्य केंद्राकडे कुणीतरी कळवलं की गावात अर्धांगाची साथ आहे. दोन माणसं येऊन पाण्याचे नमुने घेऊन गेली. पाणी चांगलं निघालं. नवव्या दिवशी नसीमा ताप अंगात घेऊन आली. बाईंनी तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "घरी जा." ती म्हणाली, "उद्या, बाई. उद्या दहावी."

दहाव्या फेरीनंतरच्या सकाळी बाई एकट्या पायवाटेने निघाल्या. वामन खिडकीत. पडद्यावर 'शेळी' उमटलं, पुसलं गेलं, काही क्षण नुसताच ठिपका लुकलुकला. मग अक्षरं आली : 'प्रवासी, एक. संथ. थांबा : पन्नास सेकंद.'

वामनने चष्मा पुसला. मग पडदा पुसला. मग पुन्हा चष्मा.

चौथ्या दिवशी शहरातून एक इंजिनियर आली. मृण्मयी गानू. तिशीची, पाठीला सॅक, पायात तेच धावायचे बूट. खिडकीशी उभी राहून म्हणाली, "शितोळे काका, तुमच्या हॉल्टवर दोन आठवड्यांत दहा माणसं लंगडी झाली आणि एका दिवसात बरीही झाली. हे काय आहे?"

वामनने माहितीपुस्तिका पुढे केली. पान त्र्याहत्तर. ओळी अधोरेखित.

तिने वाचलं. "हे मीच लिहिलंय," ती म्हणाली. "यंत्राला फसवलं तर शिकलेलं पुसून टाकायचं, हेही मीच लिहिलंय. पान शहाऐंशी."

ते पानही वामनने वाचलं होतं. तिथवर पोचून तो एक दुपार नुसता बसून राहिला होता. "हो," तो म्हणाला. "पुसायचं असेल तर पुसा. नियमात बसतंय."

बाकड्यावरून काठी वाजली. बाई उठल्या होत्या. ठक्, धप्, खर्र्, टप्. त्या इंजिनियरबाईसमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि तेवढ्या आठ पावलांना लागायचा तेवढा वेळ लागला.

"पुसण्याआधी एकदा सांगा," बाई म्हणाल्या. "मी कोण?"

मृण्मयी त्यांच्या पायांकडे बघत होती. मग तिने सॅक खाली ठेवली आणि बाकड्यावर बसली.

"एक सांगायचंय, मावशी. यंत्र एका ठिकाणी शिकलं की ते सगळ्या स्टेशनांवर लागू होतं. त्या सकाळपासून आमच्या चौसष्ट स्टेशनांवरच्या शेळ्या कमी झाल्या. दोनशे तेरांनी. रोज सकाळी साडेआठला शेळ्या शहरात जायला निघायच्या आणि संध्याकाळी सहाला परत यायच्या. रविवारी सुट्टी घ्यायच्या. आणि आमच्या अख्ख्या कचेरीत कुणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मलासुद्धा."

"मग?" वामनने विचारलं.

"मग काय पुसू?" ती म्हणाली. "फक्त एक अडचण आहे. आता त्याला खरी शेळीही माणूस वाटते. परवा दुपारची गाडी तुमच्याकडे एका शेळीसाठी पन्नास सेकंद थांबली. दारं उघडली, उद्घोषणा झाली, सगळं."

"चढली का?"

"नाही. बघितलं आणि निघून गेली."

"मग तिकिटाचा प्रश्न नाही," वामन गंभीरपणे म्हणाला.

मृण्मयीने अहवाल त्याच बाकड्यावर बसून लिहिला. त्यात शेळीसाठी थांबणं हा 'स्वीकारार्ह दोष' असल्याचं नमूद केलं. शेळी यावर काही म्हणाली नाही. मृण्मयी निघाली तेव्हा बाईंनी तिला सांगितलं, "पुढच्या वेळी स्वयंसेवक बोलवाल ना, तेव्हा मला बोलवा. एका पायाचं भाडं घेईन."

सप्टेंबरातल्या एका बुधवारी बाई म्हणाल्या, "आज मी एकटी जाणार. तुम्ही येऊ नका."

"तिकडे उतरल्यावर?"

"नसीमा आहे. आणि इकडे तुम्ही आहात."

बाई निघाल्या, पण अंगणात पातळाची निरी सुटली आणि ती एका हाताने सारखी करण्यात वेळ गेला. गाडी फलाटाला लागली, तेव्हा त्या बाभळीपाशी होत्या. दारं उघडली. अकरा जण चढले. यंत्राला त्यांची चाहूल लागली होती. पडद्यावर आकडे हळूहळू उतरत होते. पन्नासावर आणखी कितीतरी सेकंद वाढवून मिळाले होते. गाडी थांबणारच होती.

वामनला हे पक्कं माहीत होतं. गाडीला गार्ड नव्हता, खिडकीकडे बघणारं कुणी नव्हतं, आणि हाताचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. त्याने हात वर केला.

ठक्, धप्, खर्र्, टप्. बाई बाभळीपासून निघाल्या. फलाटाच्या उतारावर त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं. त्या थांबल्या. मग पुन्हा चालायला लागल्या, आणि मुद्दाम घाई केली नाही. वामनचा हात भरून आला, तरी त्याने खाली घेतला नाही.

त्या चढल्या. दारात वळल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "पोचले मी. हात खाली घ्या आता."

दार मिटलं. गाडी गेली. वामनचा हात आणखी थोडा वेळ वरच होता.

फलाटाच्या त्या टोकाला एक खरी शेळी गाडी गेल्याच्या दिशेने बघत उभी होती. तिची चुकली होती.